निळी गाडी ट्रेलरवरून उतरली त्याबाबत

जबाब देणार: पूर्ण नाव पोलीस ठाण्याच्या वहीत वेगळे नोंदले आहे. सर्वजण हूकवाले म्हणतात. वय ५३ वर्षे. धंदा: बंद पडलेल्या व अपघातातल्या गाड्या उचलून नेणे. राहणार: बस डेपोच्या मागे, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या.

मी आज ठाण्यात स्वतः हजर राहून, मला विचारले त्याप्रमाणे सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी व दोन मुलींसह राहतो. सव्वीस वर्षे हाच धंदा करतो. मदतीला माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा सख्खा भाऊ असतो. त्याचे वय ४४ वर्षे असून तो डाव्या पायाने लंगडतो. त्याचे कारण पुढे सांगितले आहे.

माझ्याकडे जीपच्या मागे जोडायचा, तिरका होणारा ट्रेलर आहे. त्याचा प्लॅटफॉर्म मधल्या आडव्या दांड्यावर मुलांच्या सी-सॉसारखा डोलतो. मागचे टोक जमिनीला टेकवून पुढच्या विंचने, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या रहाटाने, गाडी वर ओढायची. गाडीचे वजन दांड्याच्या पुढे सरकले की प्लॅटफॉर्म आपोआप खाली येऊन सपाट होतो, आणि सपाट झाला की पुढच्या लॉकचा पोलादी आकडा खटकन बसतो. त्याला हात लावावा लागत नाही. उघडायचा असेल तर आधी डाव्या बाजूची खिट्टी काढावी लागते, मग लॉकचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढावा लागतो. लॉक उघडे असेल तर केबिनमध्ये लाल दिवा लागतो.

हे लॉक मी सहा वर्षांपूर्वी बसवून घेतले. त्याआधीच्या ट्रेलरला हाताने पिन लावावी लागे. एके दिवशी मी पिन लावायला विसरलो. चढावर प्लॅटफॉर्म उचलला, वरची गाडी मागे घसरली, मागे मेहुणा उभा होता. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्यानंतर माझी पत्नी माझ्याशी सात महिने बोलली नाही. मेहुणा दवाखान्यातून आला तो सरळ कामावरच आला. त्या विषयावर आम्ही दोघे कधी बोललो नाही. नवीन लॉक दर सोमवारी मी स्वतः उघडून ग्रीस लावतो, स्प्रिंग तपासतो. परवाच तपासले होते.

आज सकाळी नऊ वाजता ठाण्यातून फोन आला की तलावाचे पाणी उतरल्याने गाळात एक गाडी दिसत आहे, ती उचलून ठाण्याच्या आवारात आणायची आहे. आम्ही पावणेदहाला पोहोचलो. ठाण्याचे साहेब, एक हवालदार व दोन शिपाई हजर होते. गाडी लहान, निळ्या रंगाची, दारापर्यंत गाळात होती. नंबरावरून ती नऊ वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या, दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या इसमाची असल्याचे साहेबांनी सांगितले. मी त्या इसमास ओळखत नव्हतो. त्याचे घर कुठे आहे हेही मला माहीत नव्हते.

गाडी ओढताना चारही चाके जाम होती. एकही चाक फिरले नाही. गाळात नांगर फिरवल्यासारखे चर पडले. स्टिअरिंगही गंजून पक्के झाले होते, दोघांनी जोर लावूनही हलले नाही. पाणी व गाळ काढून साहेबांनी गाडी आतून पाहिली. आत कोणी नव्हते. हाडेही नव्हती. ड्रायव्हरच्या बाजूची काच पूर्ण खाली होती.

गाडी ट्रेलरवर पूर्ण पुढे आली तरी प्लॅटफॉर्म सपाट होईना. मी साहेबांना म्हणालो, "मागे काहीतरी जड आहे." डिकी पहारीने उघडली. आत लाकडी पेटीत काटे तपासायची लोखंडी वजने होती. ती पेटी दोन शिपायांनी उचलून पोलीस गाडीत ठेवली. लगेच प्लॅटफॉर्म खाली आला व आकडा बसला. मी खिट्टी घातली. मेहुण्याने चारही चाकांना पट्टे आवळले. ते मी एकेक करून हाताने ओढून पाहिले. साहेबांनीही हे पाहिले आहे. यानंतर गाडीच्या मागच्या भागात जड असे काहीही नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो.

साडेबाराला निघालो. हवालदार मोटारसायकलवर पुढे होते. साधारण दोन किलोमीटरवर लाल दिवा लागला. मेहुणा म्हणाला, "भावजी, दिवा."

मी म्हणालो, "बल्ब सैल असेल."

तो म्हणाला, "सैल बल्ब विझतो. लागत नाही."

मी उतरून पाहिले. आकडा उघडा होता. खिट्टी जागेवर नव्हती. ती चाकावरच्या पत्र्यावर नीट आडवी ठेवलेली होती. मेहुण्याने ती काढली नव्हती, कारण तो माझ्या शेजारी बसला होता. मी दांडा वर दाबून आकडा बसवला, खिट्टी घातली आणि वरून तारेचे दोन वेढे दिले. रस्त्यावर आसपास कोणीही नव्हते. दोन्ही बाजूंना मोकळे माळरान होते, लपण्यासारखी जागा नव्हती.

पुढे चौकात ठाण्याकडे जाणारा डावा रस्ता पाइपसाठी खणला होता. हवालदारांनी हाताने उजवीकडून या असे खुणावले व ते पुढे गेले. उजवीकडे जुनी वसाहत आहे. त्या रस्त्याने मी याआधी गेल्याचे मला आठवत नाही. वसाहतीत शिरल्यापासून मेहुणा एकसारखा आरशात बघत होता. मी विचारले, "काय बघतोस?" तो म्हणाला, "काही नाही. गाडीच्या काचेवर ऊन पडलंय, त्यामुळे वाटतंय." काय वाटते ते मी विचारले नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी दिवा पुन्हा लागला. रस्ता अरुंद असल्याने मी गाडी डाव्या कडेला घेऊन थांबवली. ट्रेलरच्या मागे डाव्या हाताला एका बैठ्या घराचे लोखंडी फाटक होते. ते सताड उघडे होते. मी हँडब्रेक ओढेपर्यंत मेहुणा उतरून मागे गेला. मी त्याला थांब म्हणायला हवे होते. म्हणालो नाही.

मी आरशात पाहिले. मेहुणा ट्रेलरच्या मागच्या टोकापाशी पोहोचला होता. त्याच वेळी प्लॅटफॉर्मचे पुढचे टोक हळूच उचलले व मागचे टोक रस्त्याला टेकले. आवाज झाला नाही. एरवी तो टेकतो तेव्हा पत्र्याचा मोठा आवाज होतो. मेहुणा जागेवर उभा राहिला. दार उघडायचे सोडून मी आरसाच बघत राहिलो.

निळी गाडी मागे येऊ लागली. वेग माणसाच्या चालण्याइतका होता. मेहुण्यापासून दोन हातांवर ती थांबली. किती वेळ थांबली ते सांगता येणार नाही. नंतर पुढची चाके वळली आणि गाडी त्याला चुकवून, मागच्या मागे फाटकातून आत गेली. फाटकातून आत दीड फुटाचा चढ आहे. तो साहेबांनी नंतर टेप लावून मोजला आहे. गाडी चढ चढून भिंतीपासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली. तोंड रस्त्याकडे होते. अंगणातल्या फरशीवर चाकांच्या गाळाचे सलग ठसे होते. ओरखडा एकही नव्हता.

मी मेहुण्याजवळ गेलो. मी विचारले, "लागलं का?" तो म्हणाला, "नाही. भावजी, ताईला सांगू नका." माझ्या पत्नीस अद्याप काहीही कळवलेले नाही.

लॉक पाहिले. आकडा उघडा, खिट्टी पुन्हा त्याच पत्र्यावर. तारेचे वेढे तुटलेले नव्हते, उलगडून सरळ केलेले होते. चारही पट्टे सोडून, गुंडाळून, एकाशेजारी एक ठेवलेले होते. आम्ही पट्टे कधी गुंडाळत नाही. कोपऱ्यात टाकतो.

तेवढ्यात घरातून एक बाई बाहेर आल्या. वय अंदाजे पन्नास. हात ओले होते, ते पदराला पुसत आल्या. आम्ही कोण, काय, हे त्यांनी विचारले नाही. गाडीकडे पाहून त्या म्हणाल्या, "हे नेहमी अशीच उलटी लावायचे. सकाळी निघायला सोपं पडतं."

तेव्हा मला हे घर कोणाचे ते समजले. मी म्हणालो, "बाई, चुकून झालं. लॉक उघडलं. आम्ही लगेच काढून नेतो."

त्या म्हणाल्या, "तुम्ही उघडलंत?"

मी नाही म्हणालो.

त्यांनी गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "गरम आहे." ऊन होते, म्हणून असेल असे मी म्हणालो. मी स्वतः हात लावून पाहिला नाही. मेहुण्याने लावला.

मी हवालदारांना फोन करत असताना बाई पायरीवर बसल्या. त्यांनी मेहुण्याला आतून पाणी घेऊन प्यायला सांगितले, त्याने ते घेतले नाही. नंतर त्या आपणहून बोलू लागल्या. त्या जे म्हणाल्या ते सांगण्यास मी आधी नकार दिला होता. परंतु बाईंनीच मला सांगितले होते की, "साहेबांना तुम्हीच सांगा भाऊ, मला नऊ वर्षं जमलं नाही, आता काय जमणार." म्हणून सांगतो.

त्या म्हणाल्या, "त्या दिवशी आमचं वाजलं होतं. पोलिसांना, सगळ्यांना मी सांगितलं, सकाळी गेले ते आलेच नाहीत. आले होते. संध्याकाळी सातला आले होते. मी फाटकाला आतून कडी घातली होती. त्यांनी हॉर्न वाजवला. मी स्वयंपाकघरात उभी होते. ऐकत होते. परत वाजवला. म्हटलं, राहू दे उभं थोडा वेळ. पाच मिनिटं थांबवायचं होतं, भाऊ. पाचच मिनिटं. मग गाडी वळल्याचा आवाज आला."

मी म्हणालो, "तलावाकडे का गेले असतील?"

त्या म्हणाल्या, "राग आला की तिकडे जाऊन बसायचे. मला ठाऊक होतं. पोलीस बाजाराच्या बाजूला शोधत होते, कारण सकाळी ते तिकडे गेले होते. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज वाटायचं, आता कसं सांगू, आधी का नाही सांगितलं म्हणतील. तिसऱ्या महिन्यापासून फाटक बंद करणं मात्र सोडलं."

मेहुणा त्यांच्या शेजारी, एक पायरी सोडून बसला. तो म्हणाला, "ह्यांनी पण एकदा पिन लावली नव्हती. मुद्दाम केलं नव्हतं." आणि त्याने आपला पाय सरळ केला. सहा वर्षांत तो याबद्दल प्रथमच बोलला. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी लॉक तपासायला ट्रेलरकडे गेलो. तिथे मला थोडा वेळ लागला.

दोन वाजून पाच मिनिटांनी हवालदार व त्यानंतर साहेब आले. गाडी नातेवाइकांच्या ताब्यात देण्यासाठी मी मुद्दाम तिथे नेली, किंवा त्याबद्दल काही घेतले, असे जे म्हटले जात आहे ते खोटे आहे. लॉक लावायला मी विसरलो असेही म्हटले जात आहे. मी एकदा विसरलो आहे आणि ते वर लिहून दिले आहे. आज विसरलो नाही. लॉक साहेबांनी आणलेल्या गॅरेजवाल्याने सुटे करून पाहिले. स्प्रिंग, आकडा, दांडा यांत दोष निघाला नाही.

साडेचार वाजता पंचांसमोर गाडी पुन्हा ट्रेलरवर ओढली. या वेळी चारही चाके जाम होती. अंगणातल्या फरशीवर चार खोल चरे पडले, दोन फरशा फुटल्या. स्टिअरिंग हलले नाही. प्लॅटफॉर्म सपाट झाला, आकडा पहिल्या खेपेलाच बसला. ठाण्यापर्यंत लाल दिवा लागला नाही. बाई साहेबांच्या गाडीत बसून जबाब देण्यासाठी आल्या. त्यांनी घराला कुलूप लावले. पुढच्या सीटवर बसायला सांगितले तर त्या नको म्हणाल्या आणि वाटभर मागच्या सीटवरून वळून ट्रेलरकडे बघत होत्या, असे हवालदारांनी मला सांगितले. तलावात उद्या सकाळी पुन्हा शोध घेणार असून ट्रेलरसह हजर राहण्यास मला कळवले आहे. मी हजर राहीन. मेहुण्याने येऊ नये असे मी त्याला सांगितले. तो येणार आहे.

वरील मजकूर हवालदारांनी टाइप करून मला सावकाश वाचून दाखवला. त्यात गाडी ट्रेलरवरून "घसरली" असे एके ठिकाणी आले होते. साहेब म्हणाले, अर्थ एकच आहे, राहू द्या. मी म्हणालो, एक नाही. घसरलेली गाडी मी पाहिली आहे, ती माणसाला चुकवत नाही. तो शब्द खोडून "गेली" असा केला आहे व खोडल्या जागी मी सही केली आहे. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरले आहे, ते ऐकून व समजून घेऊन खाली सही करतो.