घोडागाडीतली किनुको

नागानोच्या दवाखान्यात गुडघे शेकायला आलेला मोरिओ नंबराची वाट पाहत पेंगत होता. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"किनुको, डोळे किती सुजलेत गं!"

"ह्यांचा तो जुना व्हिडिओ गेम खेळत बसते."

"तीस वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडलीस, तो?"

"तोच. ह्यांच्या वर्षश्राद्धाला कपाट आवरलं, तेव्हा सापडला. डाव अर्ध्यावरच राहिलाय. लढवय्यांना नावं ह्यांनीच दिलेली. सगळ्यात पुढे ह्यांचा साहेब."

"साहेब कशाला?"

"मार खायला."

"बरं केलं! आणि तू?"

"मी मागे घोडागाडीत. सगळ्यात भारी चिलखत घालून बसवलेली. एकदाही लढाईत उतरवली नाही."

"जपलं गं तुला."

"जपलं कसलं! परवा खाली उतरवली, तर एका फटक्यात मेली. लढल्याशिवाय त्या खेळात कुणी काही शिकतच नाही."

"मग आता?"

"खेळातल्याच देवळात नेऊन जिवंत केली. ह्यांच्या फोटोपुढे भात ठेवला की बसते. गावाबाहेरच्या किरकोळ भुतांशी लढवते तिला."

मोरिओचा नंबर पुकारला. तो मागे कान लावून बसूनच राहिला.

"दमत असशील गं, या वयात."

"दमते तर. पण काल एक भूत एकटीनं मारलं."