वाऱ्यातल्या सागाचा फोटो

झाडांवरची सगळी वानरं एकाएकी खाली उतरली आणि चिडीचूप बसली, तेव्हाच मला कसंतरी झालं होतं. पण लोणारच्या विवरात मी आले होते ती वाऱ्यात हलणाऱ्या झाडांचे फोटो काढायला, आणि वारा आत्ता कुठे सुटत होता. सोबत शेजारचे सदाशिवकाका होते. त्यांचा जन्म वनमजुरीत गेलेला.

"पोरी, चाल आता. वारं काई बराबर नाई."

मी म्हणाले, "काका, एकच. तुम्ही त्या सागापाशी उभे राहा, म्हणजे झाड केवढं आहे ते कळेल."

"माह्या फोटोचं काय करतं वं?" म्हणत, हसत गेले बिचारे.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि वाऱ्याचा असा लोट आला! डोळ्यांत धूळ गेली, मग कडाड असा आवाज. मी किंचाळून खालीच बसले. डोळे उघडले तर साग मधोमध मोडून आडवा पडलेला, आणि काका कुठेच नाहीत.

"काका!"

मी मोडलेल्या सागाकडे धावले.

"काकाऽ!"

काहीच नाही. माझा आवाजच बसला. त्यांना तिथे मीच उभं केलं होतं. काकूंना काय सांगणार होते मी? फांद्या उचलून उचलून खाली पाहत राहिले. किती वेळाने कोण जाणे, सगळा जीव गोळा करून ओरडले, "काकाऽऽ!"

"हाव, हाव!" वरच्या खडकामागून आवाज आला. "हाये मी जित्ता. झाड करकरलं तसा सरकलो इकडं. रानात तीन हाका झाल्याबिगर ओ देत नसतेत, पोरी; भूत दोनच हाका मारते. तू दोन मारून थांबली काऊन?"