गुलाबी खपलीच्या फरश्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत संकोचून बसलेले आक्कांचे यजमान आणि लेक, आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

आज निवृत्त होणाऱ्या आक्कांनी एकतीस वर्षं या प्रयोगशाळेच्या टाक्या घासल्या. त्यांच्याविषयी गोड बोलून खाली बसणं सोपं होतं. पण मला एक गोष्ट सांगायची आहे.

प्रवाळाची अळी खसखशीहून लहान. काही दिवस पोहते, मग योग्य जागा पाहून कायमची चिकटते. जागा मिळालीच नाही, तर अंगातली चरबी संपते आणि ती मरते. वर्षातून एकदाच हा हंगाम. आधीची दोन वर्षं वाया गेलेली; तिसरं गेलं असतं तर आमचा विभागच बंद.

नवव्या दिवशी निम्म्या अळ्या मेल्या होत्या. त्यांना बसायला टाकीत ठेवलेल्या माझ्या पांढऱ्याशुभ्र फरश्यांवर एकही बसेना. तेवढ्यात कोपऱ्यात मळकट फरश्यांचा ढीग दिसला.

"आक्का, या घासल्या नाहीत?"

"नाही घासणार, साहेब. मागच्या टाकीत पाहिलंय मी. जिथं ही शेवाळाची गुलाबी खपली धरते, तिथंच पिल्लं बसतात."

"तुम्ही फरश्या घासा. संशोधन मी करतो."

सगळ्यांदेखत म्हणालो. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि त्या निघून गेल्या.

अकराव्या दिवशी एकच टाकी उरली. मी गेलो त्यांच्याकडे. काय करणार? अडला हरी!

"त्या फरश्या लावा, आक्का."

"लावते. पण पिल्लं नाही बसली, तर माझ्यावर ढकलणार का?"

खरं सांगतो, मनात तेच होतं. त्यांनाही ते कळलं. तरी बाह्या सारून त्यांनी एकेक फरशी पाण्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी जेवलं नाही. भिंगाखाली पाहता पाहता आक्काच हळूच म्हणाल्या, "साहेब, ही हलत नाही."

मला वाटलं, मेली. पण ती बसली होती! संध्याकाळपर्यंत सतरा झाल्या. विभाग वाचला.

आमच्या गाजलेल्या शोधनिबंधात त्या फरश्यांचं वर्णन दीड पान आहे. आक्कांचं नाव कुठेच नाही. राहून गेलं, असं मी सहा वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. मी ते घातलं नाही. दुरुस्तीचं पत्र काल संपादकांकडे गेलं.

संयोजकांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. ते नाव गाळल्याची माफी मात्र मी आक्कांकडेच मागतो. आणि आक्का, भिडेखातर ती आज इथे देऊ नका.