तांबटाच्या घरातले कप

नको नको, तुमची ती पेटी मिटून ठेवा बाई. पाणी खळखळ उकळू द्यावं, पत्ती टाकून झाकण ठेवावं — हे मला तुमच्या चहा कंपनीनं शिकवायचं? अख्ख्या तांबट आळीत पहिला चहा या लंकाबाईच्या चुलीवर झाला. तुम्ही नव्या दिसता, म्हणून जास्त बोलत नाही. बसा. चहा मी करते, तुम्ही प्या, आणि कंपनीला कळवा, बाईला येतो म्हणून. आणि तुमचे पांढरे कप नकोत हो, दवाखान्यातल्यासारखे दिसतात. आमच्या फळीवरचा घ्या एखादा. कुठला, तो पिवळा? घ्या. कान सैल आहे, खालून धरा.

हसता का? सगळेच हसतात. तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्याच्या घरात चिनी मातीचे कप — आणि एक नाही, आठ. पण पहिला कप या फळीवर नाहीच. तो माझ्या धाकट्या भावानं दिला होता, यादवनं. देवळाली कॅम्पात एका साहेबाकडे तो स्वयंपाकी होता. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा नोकरांना सटरफटर वाटून गेला, यादवच्या वाट्याला एकच कप. निळा. त्यावर गलबत, शिडं फुगलेली. पंच्यात गुंडाळून आणला लेकरासारखा. आणि आमचे हे काय म्हणाले? — 'तांबटाच्या घरात माती? उद्या चुलीवर मडकं चढवाल!' अहो, पितळेच्या पेल्यात चहा प्यायलात कधी? आधी ओठ भाजतो, मग चहा निवतो. पण ह्यांना कोण सांगणार? मी तो कप डब्यांमागे ठेवला. हे पुढं ठोकायला बसले की मी मागं कप काढायची. घोटभर प्यायची, धुवायची, परत ठेवायची.

मग लढाईत यादव पलटणीबरोबर बसऱ्याला गेला, तो आलाच नाही. एक कागद आला. ह्यांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं, पण यादवचं नाव घेतलं नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही. मला त्याचा फार राग. बारा वर्षं मी गलबताच्या कपात चहा घेत होते आणि मनात यादवशी बोलत होते — आणि मग एक दिवस ह्यांनी तो कप फोडला.

हो ना. तपकिरीची डबी घ्यायला फळीवर हात घातला, आणि कप खाली. मी असा हंबरडा फोडला की समोरची सिंधुबाई पिठाच्या हातांनी धावत आली. हे डबी हातात धरून उभे. 'अगं, मी धक्कासुद्धा दिला नाही,' म्हणाले. खरंच नव्हता दिला. मी तीन दिवस बोलले नाही — ताट ठेवायची ते आपटून. चौथ्या दिवशी ह्यांनी पागोटं घातलं आणि न सांगता गेले. संध्याकाळी परत आले ते धुळीनं पांढरे. देवळालीला चालत जाऊन आले होते, कॅम्पातल्या जुन्या बाजारात. तुमच्या हातातला पिवळा, तो तेव्हाचा. म्हणाले, 'गलबत मिळालं नाही. पण हा नखानं वाजवून घेतलाय, खणखणीत आहे.'

आता मला सांगा, माती म्हणून नाक मुरडणाऱ्या माणसाला कप नखानं वाजवायचं कुणी शिकवलं? मी मनात ठेवलं. आठवड्यानं इब्राहिम हाटेलवाल्याची अमिना पातेलं न्यायला आली, तिला विश्वासात घेऊन विचारलं. तर ती हसून हसून खाली बसली! म्हणाली, 'तुमच्या मालकांचा कप आमच्याकडे वेगळा टांगलेला असतो की. गुलाबाचा. दहा वर्षं झाली.' दहा वर्षं! घरी मला पितळ, आणि भद्रकालीच्या बाजारात इब्राहिमकडे, जातभाईंना चोरून, गुलाब! मी अमिनाला म्हटलं, तो कप मला आणून दे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कपात चहा ओतला आणि ह्यांच्यापुढं ठेवला. बघत राहिले. कपाकडे, माझ्याकडे, परत कपाकडे. मी पदरात तोंड घातलेलं. सगळा चहा प्यायले, कप खाली ठेवला, आणि काय बोलले? — 'साखर कमी आहे.' बस्स! त्या दिवसापासून घरात कप उजळ माथ्यानं आले. दरसाल एक आणतात, यादवच्या कागदाच्या तारखेला. नाव नाही घेत अजून. कप आणतात.

काय म्हणालात? — धक्का नव्हता दिला, मग पडला कसा? मी असं म्हटलं? ... चहा निवतोय, प्या. — बरं, तुम्ही परगावच्या, तुम्हाला सांगायला हरकत नाही. आदल्या दिवशी माझ्याच हातून फुटला. राखेनं घासत होते, निसटला. यादवची तेवढीच एक वस्तू, आणि माझ्याच हातून — ते मला सोसवेना बाई. चुना-गूळ लावून तुकडे चिकटवले आणि तपकिरीच्या डबीला टेकवून ठेवला. ह्यांनी डबी उचलली, झालं. म्हटलं, रडायचंच आहे तर ह्यांच्या नावानं रडू. यादवचं एवढं तरी दुःख ह्यांच्या अंगाला लागू दे. मला काय ठाऊक, माणूस इतकं मनावर घेईल! रोज ठरवते, आज सांगू. मग ते कप पुसायला घेतात, एकेक, धोतराच्या सोग्यानं... आणि आज ती तारीख. गुडघा हा एवढा सुजलाय, मी म्हटलं नका जाऊ, तर काठी घेऊन गेले. तेव्हाच ठरवलं, आता बास. आज आले की सांगून टाकायचं. रागावतील, ओरडतील — ओरडू देत. पुढच्या वर्षी ती पायपीट तरी...

अगंबाई, काठी वाजली. आलेच. उठा, उठा तुम्ही, पेटी घ्या. आणि तुम्ही काही ऐकलेलं नाही. — अहो, आलात? बसा आधी. पाय वर घ्या, तेल लावते. ह्या चहा कंपनीच्या बाई, निघाल्यातच. ऐका, मला एक सांगायचं होतं तुम्हाला. फार दिवसांचं आहे. तो कप... तो आपला यादवचा कप... काय? आधी पुडकं सोडू म्हणता? बरं, सोडते. — अगंबाई! हिरवा! आणि बशीसकट!

... काही नाही हो. काही सांगायचं नव्हतं. साखर किती घालू, एवढंच. — आणि तुम्ही बाई, अजून उभ्याच? निघा की!