मूठभर कोंड्यावर दिलेली नात

करुणा सिस्टर : आधार कार्डावर संस्कृती, आमच्या कागदावर सरिता. मग मी बाळ घरी न्यायला नेमकं कुणाच्या हातात देऊ?

संस्कृती : माझ्याच, सिस्टर. मीच आई आहे. इतके दिवस मीच पाजतेय ना तिला.

करुणा सिस्टर : तेच तर. 'सरिता, आत ये' म्हटलं की उठून यायचीस. एकदा तरी सांगायचंस.

संस्कृती : सासूबाईंनी शपथ घातली होती.

द्वारकाबाई : तिला नका बोलू, बाई. ते नाव म्या लिवायला लावलं. सरिता आमची शेजारीण हाय, वेरूळची.

करुणा सिस्टर : पण वेरूळच्या दवाखान्यातून इकडं पाठवताना तिथल्या सिस्टरनी चिठ्ठी दिली असेल की, आजी. त्यावर आईचं नाव असतं.

द्वारकाबाई : दिलती. पिशवीत दडवली, अन् इथं सांगितलं हरवली म्हणून.

करुणा सिस्टर : कशासाठी?

द्वारकाबाई : दवाखान्याच्या गाडीत बसायच्या आधी पोर सरिताच्या पदरात घातली. तिच्याकडून मूठभर कोंडा घेतला बदल्यात. म्हंजी पोर आमची राहिली नाय. आमची म्हणलं असतं तर गेली असती.

करुणा सिस्टर : असं कुठं असतं का, आजी?

द्वारकाबाई : माझी दोन गेली, बाई. पहिली लेक आठव्या महिन्यात झाली, अशीच एवढुशी. तवा ना गाडी, ना ही काचेची पेटी. शहरात आणता आणता वाटंतच संपली. दुसऱ्याचं बी तसंच. तिसरा झाला तसा सासूनं उकिरड्यावर ठिवला, शेजारणीनं उचलून दिला. त्यो जगला. सांडलेला म्हणून त्याचं नाव सांडू. हिचा नवरा त्योच, शेंद्र्याला कंपनीत जातो.

करुणा सिस्टर : आजी, तुमच्या लेकीला ऊब मिळाली नाही, श्वासाला मदत मिळाली नाही. हिला दोन्ही मिळालं. फोन केल्यावर गाडी किती वेळात आली?

द्वारकाबाई : अर्ध्या घंट्यात.

करुणा सिस्टर : अन् इथं पेटी रिकामी होती. मी नोकरीला लागले तेव्हा एकेका पेटीत तीन-तीन बाळं असायची. बाळ गेलं की बाहेर जाऊन आईला सांगायचं काम माझ्याकडं होतं. जेवण जायचं नाही मला. मग सरकारनं पेट्या दिल्या, माणसं भरली, बाळांचं सगळं मोफत केलं, तशी लोकं वेळेत यायला लागली. आता महिना महिना मला तसं काही सांगायला बाहेर जावं लागत नाही.

द्वारकाबाई : देव तुमचं भलं करो. पण कोंड्यानं बी थोडं काम केलंच असंल.

करुणा सिस्टर : मी ते मानत नाही. पण भांडतही नाही. एवढंच सांगते, आता आशाताई घरी येऊन हिचं वजन बघणार. वर्षभर काही दुखलं-खुपलं तर इथं फुकट उपचार आहेत. कागद असाच राहिला तर आशाताई सरिताच्या दारात जाईल.

द्वारकाबाई : तिचा धाकटा सातवीत हाय.

करुणा सिस्टर : मग त्याला काट्यावर बसवतील.

(संस्कृतीला हसू आवरत नाही.)

करुणा सिस्टर : तुम्ही सांगा, मी लिहिते. आई कोण, तुम्ही कोण. खाली अंगठा करा, की झालं.

द्वारकाबाई : माझ्या तोंडानं?

करुणा सिस्टर : चुकीचं नाव तुम्हीच सांगितलंय ना?

द्वारकाबाई : लई भ्या वाटतं गं, संस्कृती. चोवीस दिवस नुसतं काचेतून बघितलं. हात लावायचा धीर झाला नाय.

संस्कृती : चौदाशे ग्रॅमची होती, आज अठराशे भरलीय. भूक लागली की सगळा वॉर्ड उठवते. तुम्ही आधी मांडीवर घ्या तिला, मग काय ते बोला.

द्वारकाबाई : नगं... बरं, दे. हळू. अगं, पाय झाडती की ही. जोर हाय गं पोरीत.

करुणा सिस्टर : लिहू का, आजी?

द्वारकाबाई : लिवा. नात हाय माझी. सांडूची लेक, संस्कृतीच्या पोटची. आमची हाय, अन् आमच्याच घरी चालली.

करुणा सिस्टर : जरा हळू, आजी. बाकीची बाळं झोपलीत.