रशीदचं आजोळ

रशीद अन् मी तीस वर्षं एकाच ऑफिसात शेजारी बसलो. रिटायर झाल्यावर दर रविवारी सुलीभंजनच्या तळ्याला फेरा मारायचो. एकदा तो म्हणाला, "आज आधी खुलताबादला चल. माझं आजोळचं घर दाखवतो."

मी म्हणालो, "आधी फेरा पुरा करू. घर पुढच्या रविवारी बघू." फेरा झाला, ऊन चढलं, आम्ही परत आलो.

पुढच्या रविवारी मीच म्हणालो, "चल, घर दाखव."

"सोमवारीच पाडलं. मामूनं विकलं होतं."

"अरे, मग तेव्हाच बोलला का नाय?"

"तू लई खुशीत होता यार. म्हटलं, तुझा फेरा कशाला मोडू?"

त्या दिवशी मला तळ्याभोवती एक पाऊल टाकवलं नाय.