तुलेचा गूळ

वहिनी, माझी लेक बालरोगाच्या एम.डी.ला पहिल्या वर्षाला होती, तेव्हा मी अंबाबाईला एक नवस बोलले होते. त्या दिवशी तिचा फोन आला तो रडतच. "आई, तान्ह्या बाळाची शीर मला सापडतच नाही. तीनदा टोचलं गं. मी सोडून घरी येते."

मी हात जोडले. म्हटलं, आई, पोरीचा हात बसू दे, तिची गुळाची तुला करीन.

वर्षभरात हात बसला. सुट्टीला आली तेव्हा तिला तराजूत बसवलं आणि तेवढा गूळ तिच्याच वॉर्डात वाटायला नेला. पहिल्याच खाटेवरच्या बाळाच्या ओठाला खडा लावणार, तोच लेक ओरडली, "आई, थांब! वर्षाच्या आतल्या बाळाला गूळ द्यायचा नाही!"

सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. मी पुटपुटले, "मग देवीला काय सांगू?"

बाळाची आई शिरोळकडची. ती म्हणाली, "मावशी, मला द्या की. सकाळधरनं पोटात काय न्हाय. ह्याची शीर तुमच्या लेकीनं एका टोचणीत धरली बघा."

माझे डोळेच भरून आले. मग खाटेखाटेपाशी बसलेल्या आयांना गूळ दिला, आणि देवीनं तो गोड मानून घेतला.

तुमच्या नातवाचा नवस फेडायचा राहिलाय ना, वहिनी? असाच फेडा. लेकराला सगळे बघतात. तुम्ही त्याच्या आईला विचारा, जेवलीस का म्हणून.